काही नको, पाणी चालेल

माझ्या उजव्या डोळ्यात हवालदार बसवला त्या दिवशी डॉक्टर नदाफ म्हणाले होते, "उज्ज्वलाताई, आता तुम्ही निवांत राहा. पहारा तो देईल." निवांत राहणं मला जन्मात जमलेलं नाही. मिरजेच्या मुलींच्या शाळेत मी खो-खो शिकवला. बसलेल्या पोरीला उठवून पळायला लावणं हाच माझा धंदा. आणि हवालदारही असा भेटला, की स्वतः झोपत नाही आणि मला स्वस्थ बसू देत नाही.

हवालदार हे मी ठेवलेलं नाव. कंपनीनं त्या यंत्राला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, ते मी दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत विसरले.

आमची सकाळ ठरलेली असायची. मी उठून पलंगाच्या कडेला बसले, की मालनवहिनी तांब्या घेऊन हजर. आदल्या रात्री भरून ठेवलेलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी. माझ्या डोळ्यांचं दुखणं निघालं तेव्हापासून तिनं हे सुरू केलं होतं. त्यानं डोळ्यांतली उष्णता उतरते म्हणे. माझा विश्वास नव्हता, पण तिच्याशी सकाळी सकाळी वाद घालण्यापेक्षा पाणी पिणं सोपं होतं. मी तांब्या तोंडाला लावायची आणि मैदानावरच्या सवयीनं घटाघटा रिकामा करायची.

"सावकाश प्या की, वन्सं. घोट घोट प्या. गाडी सुटतीय का तुमची?"

"सुटतीय," असं म्हणून मी रिकामा तांब्या तिच्या हातात द्यायची.

मालन माझ्या थोरल्या भावाची बायको. वयानं आम्ही बरोबरीच्या. लग्नाच्या पंगतीत तिनं मला थट्टेनं 'वन्सं' म्हटलं आणि तेच आयुष्यभर चिकटलं. भाऊ गेला, तिचा मुलगा ऋतुराज नोकरीला पुण्याला गेला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. आम्ही भांडायचो. मीठ कमी-जास्त झालं यावरून, पंख्यावरून, रेडिओच्या आवाजावरून. सगळ्या गल्लीला आमची भांडणं पाठ होती.

तांब्या खाली ठेवून ती माझ्याशेजारी बसायची आणि तिचं बोलणं सुरू व्हायचं. शेजारच्या पाटलीणबाईंची सून, मेथीचा भाव, स्वप्नात आलेली म्हैस. ते चालू असतानाच माझ्या कानात हवालदार विचारायचा, "शुभ सकाळ. उठल्यापासून काही घेतलं का?"

"काही नाही. अजून चहासुद्धा नाही," मी सांगायची.

आणि थोड्या वेळानं, वहिनीची म्हैस अजून स्वप्नातून बाहेर आलेली नसायची तोवर, तो बोलायचा, "दाब वाढतो आहे. चोवीस. सव्वीस."  दाब सोळा-सतराच्या आत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हा दाब रक्ताचा नाही, डोळ्यातला. डोळ्यात एक पातळ पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातं. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी तुंबतं, तसं माझ्या डोळ्यांत झालं आहे. पाणी तुंबलं की दाब चढतो आणि डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर पडतो. त्या नसेचे तंतू मग एकेक करून मरतात. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं कमी होत जाते, आणि मेंदू असा लबाड, की गेलेल्या जागी अंदाजानं काहीतरी भरून देतो. याला काचबिंदू म्हणतात. अंतिम सामन्यात पंच असताना माझ्या डाव्या हाताची पोर मला दिसलीच नाही, तेव्हा मला पत्ता लागला. तोवर डावा डोळा गेला होता आणि उजव्यात नळीतून बघावं तेवढी नजर राहिली होती. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखायचं, एवढंच हातात असतं.

पूर्वी हा दाब फक्त दवाखान्यात मोजायचे. दोन-तीन महिन्यांनी जायचं आणि एकदा मोजून घ्यायचा. म्हणजे मैदानाचा एक फोटो बघून सामना कोण जिंकलं ते सांगण्यासारखं. दाब तर दिवसभर वर-खाली होत असतो. म्हणून माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी नव्या भिंगाच्या कडेला कणीपेक्षाही लहान असा एक पडदा बसवला. दाब चढला की तो वाकतो. माझ्या चष्म्याच्या दांडीतलं यंत्र ते वाकणं ओळखतं आणि आकडा कानात सांगतं. दांडीला आवाज ऐकू येतात, मान कितीशी वाकली ते कळतं, नाडी समजते. दाब चढला की त्याच्या आधी काय काय घडलं ते जुळवून बघायचं आणि कारण शोधून काढायचं, ही म्हणे त्याची खरी हुशारी. पुराव्यासाठी आवाजाचे तुकडेही तो राखून ठेवायचा.

दिवाळीनंतरच्या तपासणीला ऋतुराज मुद्दाम पुण्याहून आला. वहिनी होतीच. डॉक्टर नदाफ यांनी माझी नजर तपासली. मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझं मोजमाप माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी समोर बसलेल्या वहिनीचे दोन्ही डोळे माझ्या नळीत एकदम मावायचे. आता एका वेळी एकच मावत होता.

"सकाळचा हा चढ थांबायला हवा, ताई. औषधाचे थेंब आहेत तेवढे सगळे घालून झाले," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करता येतं, पण तुमचा हा एकच डोळा आहे. माझा हात धजत नाही. आणि हे असंच चालू राहिलं तर वर्ष-दीड वर्षात हीही नजर जाईल."

"यंत्र कारण काय सांगतंय?" ऋतुराजनं विचारलं आणि स्वतःच फोनवर बघितलं. माझे सगळे आकडे त्याच्याकडेही जायचे. त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"वाच की," मी म्हणाले.

"संभाव्य कारण, मालन यांचा आवाज," त्यानं वाचलं. "खात्री, उच्च."

आधी मी हसले. मग डॉक्टर थोडंसं हसले. वहिनी हसली नाही.

"त्याला काय अक्कल!" मी म्हणाले.

"मनावरच्या ताणानं काही जणांचा दाब चढतो, हे खरं आहे," डॉक्टर जपून म्हणाले. "तेच कारण आहे असं मी म्हणत नाही. सकाळी उठून तुम्ही काही घेत नाही, वाकत नाही, व्यायामही नंतर करता. त्या वेळी दुसरं काहीच घडत नाही. थोडे दिवस वेगळं राहून बघायला हरकत नाही."

घरी आल्यावर वहिनीनं पिशवी काढली. साड्या घड्या करताना बांगड्यांचा आवाज येत होता तेवढाच. मग ती म्हणाली, "माझ्या तोंडापायी तुमचा डोळा जायला नको, वन्सं."

मला ओरडायचं होतं. 'गप बस, कुठं जात नाहीस तू,' असं म्हणून ती पिशवी फेकून द्यायची होती. पण ओरडले असते तर दाब चढला असता, आणि हवालदारानं तोही तिच्याच नावावर लिहिला असता. म्हणून मी जीभ दाबून बसून राहिले. माझ्या गप्प बसण्याचा तिनं जो अर्थ घ्यायचा तो घेतला. संध्याकाळी ती ऋतुराजबरोबर पुण्याला गेली.

आणि दाब उतरला! दुसऱ्याच सकाळी सोळा. तिसऱ्या सकाळी पंधरा. ऋतुराजचा फोन आला. "आत्या, बघ, पुरावा मिळाला." डॉक्टरांनाही बरं वाटलं. सगळ्यांना बरं वाटलं, फक्त मला घरात एका जागी बसवेना. स्वयंपाकाला बाई यायची, करून जायची. मी या खोलीतून त्या खोलीत चकरा मारायची, काठी विसरायची आणि उंबऱ्याला ठेचकाळायची. उंबऱ्यावर वहिनीनं नारिंगी पट्टी चिकटवली होती. ती माझ्या नळीत यायची तोवर अंगठ्याला लागलेलं असायचं. रेडिओ हवा तेवढा मोठा लावता येत होता आणि तो लावावासा वाटत नव्हता. म्हैस स्वप्नातून बाहेर आली का नाही, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

मी पुण्याला रोज फोन करायची. वहिनी फोनवर येईना. तिची सून कार्तिकी बिचारी ओशाळून सांगायची, "आत्या, आई हातानंच नको म्हणतायत. तुमच्या कानावर त्यांचा आवाज पडायला नको म्हणतात." एकदा मागून भांडं पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी 'अगं बाई' म्हणता म्हणता थांबलं. तेवढ्या अर्ध्या शब्दावर मी तो दिवस काढला.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मला काय वाटलं कुणास ठाऊक, निजायच्या आधी मी फडताळातून चाचपडत तो तांब्या काढला, चिंचेनं घासला आणि भरून ठेवला. सकाळी पलंगाच्या कडेला बसून तोंडाला लावला आणि नेहमीसारखा एका दमात संपवला. मग रिकामा तांब्या कुणाच्या हातात द्यायचा ते कळेना, म्हणून मांडीवर घेऊन बसले.

"शुभ सकाळ. उठल्यापासून काही घेतलं का?"

"काही नाही."

मी तशीच बसून होते. घरात चिटपाखरू नव्हतं. आणि हवालदार बोलला, "दाब वाढतो आहे. चोवीस. सत्तावीस."

पाठोपाठ ऋतुराजचा फोन. "आत्या, आईला फोन केलास ना? खरं सांग."

"नाही रे बाबा!" मी खेकसले. "कुणाचा आवाज नाही की काही नाही. घरात मी आहे आणि तांब्या आहे."

हे बोलले आणि माझा हात मांडीवरच्या तांब्यावर थांबला. मी आणि तांब्या.

आपल्याकडे पाहुणा येतो. काय घेणार म्हणून विचारलं, की म्हणतो, "काही नको, पाणी चालेल." पाणी आपण 'काही'त धरतच नाही. तांब्याभर पाणी पिऊनही माणूस सांगतो, सकाळपासून पोटात काही नाही, आणि त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. हवालदारानं रोज विचारलं होतं. मी रोज मनापासून 'काही नाही' म्हणाले होते. आणि त्याला पाण्याचा वास यायला नाक थोडंच होतं? त्याला कान होते. कानाला जे सापडलं ते त्यानं धरलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी कावळ्याला शिक्षा दिली.

"मालनचे पुरावे ऐकव," मी हवालदाराला म्हणाले.

त्यानं ऐकवले. पहिल्या तुकड्यात वहिनी म्हणत होती, "सावकाश प्या की, वन्सं. घोट घोट प्या." दुसऱ्यात, "अहो, ठसका लागंल. सावकाश." तिसऱ्यात, "कोण मागं लागलंय का? सावकाश प्या." आणि प्रत्येक तुकड्यात, तिच्या शब्दांच्या मागे, माझा घसा वाजत होता. घट, घट, घट. नजर गेल्यापासून माझे कान तिखट झाले आहेत, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. हा आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता. ज्या आवाजाला आम्ही घराबाहेर काढलं, तो रोज सकाळी मला एकच गोष्ट सांगत होता, आणि ती ऐकली असती तर बरंच वाचलं असतं. मी रडले. दार उघडं होतं, गल्लीत ऐकू जात असेल, तरी मोठ्यानं रडले.

डॉक्टर नदाफ यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे, ताई. एवढं पाणी एकदम पोटात गेलं की ते रक्तात येतं आणि डोळ्यातही जास्त पाणी तयार होतं. चांगल्या डोळ्याची जाळी ते वाहून नेते, तुमच्या जाळीला ते झेपत नाही. तासभर तरी दाब चढलेला राहतो. पूर्वी आम्ही मुद्दाम पाणी पाजून जाळीची परीक्षा घ्यायचो."

"मग मला कसं नाही विचारलंत?"

"विचारलं होतं की. सकाळी उठून काही घेता का म्हणून."

 त्यांची जन्मभूमीही मिरजच, पाणी तेही 'काही'त धरत नव्हते.

"पाणी बंद करू नका," ते घाईनं म्हणाले. "दिवसभरात थोडं थोडं प्या. एकदम नको." दुसऱ्या दिवशी तोच तांब्या मी सकाळभर पुरवला. एकेक घोट. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. हवालदार सतराच्या वर गेला नाही.

आता वहिनीला बोलवायचं एवढंच राहिलं होतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं. ऋतुराजला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, आईला पाण्याचं सांगू नकोस. यंत्र बिघडलं होतं म्हणू. आधी आवाजाचं ऐकून ती अर्धी झालीय. आता तिनंच रोज पाणी पाजून..." 

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आवाज निर्दोष सुटला, तर हात अडकत होता. तोही माझा डोळा बरा व्हावा म्हणून पुढे केलेला हात. दोन दिवस मी घरभर फिरले. खोटं सांगावं तर ती परत येईल आणि पहिल्याच सकाळी तांब्या पुढे करील. तो नको म्हणायला मला रोज नवं खोटं शोधावं लागेल. आणि यंत्र पुन्हा कधी आपलं नाव घेईल या धास्तीनं ती दबकत बोलेल. दबकत बोलणारी वहिनी मला नको होती. तिसऱ्या दिवशी मी काठी घेतली, पुण्याच्या एसटीत बसले आणि कंडक्टरला सांगितलं, "स्वारगेट आलं की मोठ्यानं ओरडा, मला पाट्या दिसत नाहीत."

दार कार्तिकीनं उघडलं. मला सोफ्यावर बसवून तिनं विचारलं, "आत्या, काय घेणार? चहा, सरबत?"

"काही नको," मी म्हणाले आणि जीभ चावली.

आतून बांगड्या वाजल्या. कुणीतरी येऊन माझ्या हातात पेला दिला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग नळीत आला, तेवढ्यावरून मी ओळखलं. मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. ती बसली. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला होता.

"मालनचे पुरावे मोठ्यानं ऐकव," मी हवालदाराला म्हणाले.

खोलीभर तिचाच आवाज झाला. "सावकाश प्या की, वन्सं. घोट घोट प्या." मागे माझं घट घट. मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, साखर पेरली नाही.

 मग ती कुजबुजली, "म्हणजे आवाज नव्हता. पाणी होतं."

"हो."

"माझ्या हातचं."

"तू सावकाश म्हणत होतीस. मी ऐकलं नाही."

"पण आणत तर मीच होते ना, वन्सं. रोज. आठवणीनं." तिनं हात काढून घेतला आणि मांडीखाली दडवला.

मी मान फिरवून नळी तिच्या चेहऱ्यावर आणली. एक डोळा दिसला, भरलेला. मग नाक ओलांडून दुसऱ्यावर नेली. तिच्या ते लक्षात आलं. "दोन्ही एकदम दिसत नाहीत का आता?" तिनं विचारलं.

"नाहीत. एवढीच खिडकी राहिलीय," मी म्हणाले. "आणि एवढ्याशा खिडकीत मला तू पाहिजेस, मालन. पाटलीणबाईंची सून बघून काय करू? पाणी तुझं होतं, घाई माझी होती. घाई मी सोडते. तू मात्र बोलणं सोडू नकोस, माझ्याच्यानं ते मुकं घर सोसवत नाही."

 मी पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि पेला गुडघ्यावर ठेवला. घसा आणखी मागत होता. बोटं पेल्याभोवती चुळबुळत होती. मी तशीच बसून राहिले.

कानात हवालदार म्हणाला, "काही घेतलं का?"

"घेतलं," मी मोठ्यानं सांगितलं. "पाणी. एक घोट. मालनच्या हातचं."

वहिनीनं पदर तोंडावरून काढला. मी दुसऱ्या घोटासाठी पेला उचलला, तसा तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"लगेच नाही," ती म्हणाली. आवाज अजून बसलेला होता, पण कुजबूज नव्हती. ती उठली.

"कुठं निघालीस?"

"बाटली बघते. उरलेलं भरून घेते," ती आतून म्हणाली, आणि फडताळाची दारं आपटायला लागली. "मिरजेपर्यंत पुरवायचंय. सावकाशच प्यावं लागंल, वन्सं."